ओटीवरून : येत्या वर्षाचा बेत

मार्गशीर्षाची थंडी पडूं लागली म्हणजे आमच्या वसईस एक निराळीच कळा येते. पहांटे केळीच्या व पानवेलीच्या वाड्यांवर धुकें रेंगाळत असतें, विहिरीचें पाणी हाताला कोंबट लागतें, आणि फुलांच्या टोपल्या घेऊन दादरच्या बाजाराकडे निघालेलीं माणसें अंधारांतच स्टेशनची वाट धरतात. त्याच सुमारास पापडी, गिरीज, निर्मळ, नंदाखाल या बाजूंच्या ख्रिस्ती वस्त्यांतून तरुणांची गडबड सुरू होते. पेंढा, बांबू, रद्दी कागद, माती आणि रंग एवढ्या सामग्रीवर ही मंडळी नाताळगोठे उभारतात. कोणाच्या गोठ्यांत बेथलेहेमचें खेडें असतें, तर कोणी सरळ आपलें वसईचेंच खेडें मांडतो : रहाटाची विहीर, कौलारू घर, ओटीवर बसलेली म्हातारी. पोर्तुगीजांचा अंमल येथून १७३९ सालीं उठला. परंतु हा सण येथेंच राहिला आणि येथल्या मातीचा व येथल्या बोलीचा झाला. आमच्या घरचीं मुलें दरवर्षीं हे देखावे पाहावयास जातात, आणि त्यांच्या सोबतीचें निमित्त करून आम्हीही जातों.

यंदा गोठे पाहून परत आलों, त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमच्या पुतण्याच्या मुलीनें, म्हणजे आमच्या नातीनें, एक गोष्ट सर्वांसमक्ष मांडली. ही मुलगी लहानपणापासून चित्रें काढते. रीतसर चित्रकलेचें शिक्षण घेऊन गेलीं चार वर्षें ती अंधेरीस एका जाहिरातीच्या कचेरींत नोकरी करते. पगार बरा आहे. परंतु सकाळच्या विरार गाडींत उभ्यानें जावयाचें, दिवसभर दुसऱ्याच्या मालाचीं चित्रें रंगवावयाचीं, आणि रात्रीं परत येऊन जेवून निजावयाचें, या क्रमांत तिच्या स्वतःच्या हातचें म्हणावें असें एकही चित्र चार वर्षांत झालें नाहीं. तिचा बेत असा कीं, नव्या वर्षापासून नोकरी सोडावी आणि एक वर्षभर वसईच्या वाड्या, विहिरी, बावखलें, जुनीं घरें आणि त्यांत राबणारीं माणसें यांचीं चित्रें काढावीं. शंभर चित्रें व्हावीं आणि वर्षाअखेर त्यांचें प्रदर्शन भरवावें. "आजोबा, मी लहान असतांना आपल्या रस्त्यावर सात विहिरी होत्या. आतां दोन उरल्या आहेत. मी आणखी पांच वर्षांनीं चित्र कशाचें काढूं?" असें ती म्हणाली, आणि या प्रश्नास उत्तर देणें आम्हांस जमलें नाहीं.

एकत्र कुटुंबांत अशी गोष्ट निघाली कीं, तिची लगेच सभा होते. मुलीच्या वडिलांनीं घराच्या कर्जाच्या हप्त्याचा प्रश्न काढला. काकांनीं, नोकरी एकदां सोडल्यावर परत मिळेल कीं नाहीं, ही शंका घेतली. आईनें लग्नाचा विषय काढला नाहीं, पण तो तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. आमच्या वहिनी आतां पंचाऐशींच्या घरांत आहेत. त्यांनीं कांहीं न बोलतां हातांतल्या पाटल्या काढून नातीपुढें ठेवल्या. नातीनें त्या उचलून परत त्यांच्या हातांत घातल्या. यावर क्षणभर सर्वजण गप्प झाले. ती शांतता मोडावी म्हणून आम्ही बोलून गेलों, "अग, घरीं राहणारच आहेस, तर एक बरें होईल. आजीला दवाखान्यांत नेणें-आणणें, विजेचें बिल, गॅसवाला, धाकट्यांचा अभ्यास, हें सगळें तूंच बघशील." ती कांहीं बोलली नाहीं. पण तिनें आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें ती दृष्टि रात्रभर आमच्या डोळ्यांसमोरून हलली नाहीं.

त्या रात्रीं झोंप येईना, तेव्हां आम्हांस एका दुसऱ्या नाताळाची आणि एका दुसऱ्या चित्रकाराच्या बेताची आठवण झाली. तो चित्रकार म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. आज त्यांना सारा देश 'चित्रपटसृष्टीचे जनक' म्हणून ओळखतो, आणि १९६९ पासून त्यांच्या नांवानें सरकार पारितोषिक देत आहे. परंतु आमच्या मनांत आले ते हे कीर्तिमान् दादासाहेब नव्हेत. ज्या गृहस्थाजवळ नोकरी नाहीं, धंदा मोडलेला आहे, वय चाळिशीस पोंचलें आहे, पदरीं बायकामुलें आहेत, आणि डोक्यांत येत्या वर्षाचा एक विलक्षण बेत घोळत आहे, असे फाळके आम्हांस दिसूं लागले.

त्यांचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत असा. ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें एका विद्वान् शास्त्र्यांच्या घरीं त्यांचा जन्म झाला. वडील पुढें मुंबईस विल्सन कॉलेजांत संस्कृत शिकवीत. मुलाचा ओढा चित्रकलेकडे पाहून त्यांनीं त्यास १८८५ सालीं जे. जे. कलाशाळेंत घातलें, पुढें बडोद्याच्या कलाभवनांत त्यानें चित्रकला, छायाचित्रण वगैरे विद्या संपादन केल्या. गोध्र्यास छायाचित्राचा धंदा मांडला, तोंच प्लेगनें पहिली पत्नी व मूल ओढून नेलें. १९०२ सालीं दुसरा विवाह झाला. त्याच या सरस्वतीबाई. नंतर पुराणवस्तु खात्यांतील नोकरी मिळाली आणि ती वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत त्यांनीं सोडली. मग छापखाना काढला, रंगीत छपाईचें ज्ञान मिळविण्यासाठीं १९०९ सालीं जर्मनीस जाऊन आले. परंतु भागीदारांशीं बिनसलें आणि त्या भरभराटीच्या छापखान्यांतून त्यांनीं अंग काढून घेतलें. अशा रिकामपणांत मुंबईस गिरगांवांतील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस नांवाच्या तंबूंत त्यांनीं ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूक चित्रपट पाहिला. १९१० च्या नाताळांतली ही गोष्ट, असें सामान्यतः सांगतात. कांहीं अभ्यासक ती १९११ च्या ईस्टरमधली धरतात. सण कोणताही असो. पडद्यावर ख्रिस्ताचें चरित्र सरकत असतांना फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभीं राहिलीं, असें त्यांनीं स्वतःच पुढें 'नवयुग' मासिकांतील लेखांत नमूद करून ठेविलें आहे. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यांतला दिवा पाहून आपल्या देव्हाऱ्याची आठवण व्हावी, हा प्रकार आम्हां वसईकरांस अपरिचित नाहीं. परंतु ती आठवण अशी फळास आल्याचें उदाहरण विरळा.

येथवरची हकीगत बहुतेकांस ठाऊक असते. तिचें तात्पर्यही आपण ठरवून टाकलेलें असतें : कलावंताला ध्यास लागला, त्यानें घरदार विसरून उडी घेतली, आणि पत्नीनें दागिने काढून दिले. या तात्पर्यांत एक मोठी चूक आहे, ती आमच्या ध्यानांत त्या रात्रीं प्रथम आली. फाळक्यांनीं उडी घेतली नाहीं. त्यांनीं पायऱ्या बांधल्या. ध्यास तर होताच. दिवसाचे चार-पांच तास ते चित्रपट पाहात, रात्र रात्र पुस्तकें व यंत्रें धुंडाळीत, झोंप जेमतेम तीन तास. त्याचा परिणाम असा झाला कीं, डोळे बिघडले आणि कांहीं दिवस दृष्टीच गेल्यासारखी झाली. चित्रकाराचे डोळे जाणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. उपचारांनीं व चष्म्यांनीं ती परत आली, तेव्हां त्यांनीं पुन्हां तोच उद्योग आरंभिला. परंतु या उद्योगाबरोबरच दुसरीकडे हिशेबही चालला होता. यंत्रसामग्री कोठें मिळेल, ती आपल्यास चालवितां येईल काय, भांडवल किती लागेल, या प्रश्नांचीं उत्तरें मुंबईंत मिळण्यासारखीं नव्हतीं. म्हणून आपल्या बारा हजारांच्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनीं दहा हजार रुपयांचें कर्ज उभें केलें, आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजीं विलायतेस प्रयाण केलें. तेथें 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांस ते आपण होऊन जाऊन भेटले. त्या गृहस्थानें प्रथम त्यांस परावृत्तच केलें. पण माणूस हटणारा नाहीं असें पाहून हेपवर्थ या चित्रपटकर्त्याशीं गांठ घालून दिली. त्याचा कारखाना पाहून, पन्नास पौंडांचा एक विल्यमसन कॅमेरा घेऊन आणि फिल्मची व तिला भोंकें पाडण्याच्या यंत्राची मागणी नोंदवून फाळके १ एप्रिलला मुंबईस परत आले. विलायतेंत त्यांनीं मुक्काम केला तो अवघ्या दोन आठवड्यांच्या आंतबाहेरचा. ज्याला काय पाहावयाचें आहे हें ठाऊक असतें, त्याला तेवढा काळ पुरतो.

आतां कोणासही असें वाटेल कीं, एवढें झाल्यावर 'राजा हरिश्चंद्रा'स हात घातला असेल. तसें झालें नाहीं, आणि या संबंध हकीगतींत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट येथेंच आहे. यंत्रें येऊन पोंचल्यावर फाळक्यांनीं दादरच्या आपल्या बिऱ्हाडीं एका कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला आणि समोर कॅमेरा मांडून एक महिन्याहून अधिक काळ त्या रोपाचीं चित्रें टिपलीं. दाणा फुटतो, कोंब वर येतो, पानें उलगडतात, वेल चढतो. महिन्याभराची वाढ पडद्यावर सुमारें एका मिनिटांत दिसली. या चिमुकल्या पटाचें नांव 'अंकुराची वाढ'. तो त्यांनीं सावकारी करणाऱ्या व स्नेही मंडळींस दाखविला. लोकांस चमत्कार दिसला. पैसा लावणारांस हा मनुष्य बोलतो तें करून दाखवितो अशी खात्री दिसली. आणि फाळक्यांस स्वतःस, या विद्येवर आपला हात बसला आहे, हें दिसलें. पुढील भांडवल उभें राहिलें तें या एका वाटाण्याच्या जोरावर. एवढा मोठा बेत मनांत असतां महिनाभर एका कुंडीपुढें बसून राहणें, यास नुसतें धैर्य पुरत नाहीं, विवेकही लागतो.

त्यापुढील कष्ट सर्वश्रुत आहेत. स्त्रीपात्र करावयास कोणी स्त्री तयार होईना. तेव्हां एका उपाहारगृहांत स्वयंपाकाचें काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांस महिना दहाचे पंधरा रुपये कबूल करून त्यांनीं तारामती केलें. मरणाचा प्रसंग असलेल्या रोहिदासाच्या कामास आपलें मूल देण्यास कोणी आईबाप राजी होईनात. तेव्हां फाळक्यांनीं आपला मुलगा भालचंद्र यालाच उभें केलें. हरिश्चंद्राचें काम दत्तात्रय दाबके यांनीं केलें. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत सुमारें ३,७०० फुटांचा पट पुरा झाला आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत तो लोकांपुढें आला. वर्षापूर्वीं ज्याच्यापाशीं फक्त एक कुंडी होती, त्याचा बेत असा सिद्धीस गेला.

आतां त्या दागिन्यांविषयीं. सरस्वतीबाईंनीं आपले अलंकार पतीच्या कार्यासाठीं दिले, हें खरें आहे आणि तें थोरही आहे. परंतु त्यांनीं दुसरें जें दिलें त्याची आठवण आपण क्वचितच काढतों. साठसत्तर माणसांच्या त्या गोतावळ्याचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. दिवसा उन्हांत पांढऱ्या चादरी धरून त्या पात्रांवर उजेड पाडीत. रात्रीं स्वयंपाकघर आवरल्यावर त्या कच्च्या फिल्मला यंत्रानें भोंकें पाडीत, धुण्याचीं रासायनिक द्रव्यें मिसळीत, आणि धुलाई व जोडणी या कामांतही हात लावीत. म्हणजे आपल्या देशांतील चित्रपटविद्येच्या पहिल्या विद्यार्थिनी व पहिल्या कारागीर त्याच होत. दागिने गहाण टाकण्यास एक दुपार पुरते, आणि पैसा आला कीं ते सोडवूनही आणतां येतात. सहा महिन्यांच्या रात्री गहाण टाकल्या म्हणजे त्या परत सोडवून आणतां येत नाहींत. तरीही कथा सांगतांना आपण पाटल्या मोजतों आणि रात्री मोजावयाच्या विसरतों. सोनें दिसतें, वेळ दिसत नाहीं, एवढेंच त्याचें कारण.

आणखीही एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. ती न सांगतां घरांतल्या तरुणांस फाळक्यांचें चरित्र वाचावयास देणें म्हणजे त्यांची दिशाभूल करणें होय. बेत एकदां सिद्धीस गेला म्हणून जन्माची ददात मिटली असें झालें नाहीं. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि भांडवल आटलें. १९१७ च्या 'लंकादहना'नें पुन्हां यश व पैसा दिला; १९१८ पासून भागीदारांची हिंदुस्थान कंपनी निघाली, आणि 'श्रीकृष्णजन्म' व 'कालियामर्दन' या पटांत त्यांची कन्या मंदाकिनी हिनें बाळकृष्णाचें काम केलें. परंतु भागीदारांशीं मतभेद होऊन ते सर्व सोडून काशीस निघून गेले. परत आले, तों काळ पालटत होता. बोलपट आल्यावर १९३७ सालीं 'गंगावतरण' हा एक बोलपट त्यांनीं केला, तोच शेवटचा. शेवटचीं वर्षें ओढगस्तीचीं गेलीं, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांनीं देह ठेविला. ज्या 'हरिश्चंद्रा'साठीं इतका खटाटोप झाला त्याचेही कांहीं भागच आज शिल्लक आहेत. कलावंताच्या बेतास घरानें मान्यता द्यावयाची ती हें सर्व डोळ्यांपुढें ठेवून. यशाची हमी मिळाल्यावर जो आशीर्वाद मिळतो तो आशीर्वाद नव्हे. तो व्यवहार झाला.

याच्या उलट दुसरा मार्गही आहे, आणि तो हलका मानण्याचें कारण नाहीं. महादेव विश्वनाथ धुरंधर हे फाळक्यांच्याहून तीनच वर्षांनीं मोठे. त्यांनीं जे. जे. कलाशाळेंत आधीं विद्यार्थी व मग शिक्षक या नात्यानें एकेचाळीस वर्षें काढलीं. आपल्या आत्मचरित्रास त्यांनीं 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' असेंच नांव दिलें. वेतन घेत, शाळेचे तास संभाळीत, त्यांनीं चित्रें काढलीं तीं हजारांनीं मोजावीं लागतात. पुस्तकांचीं चित्रें, पोस्टकार्डें, पौराणिक प्रसंग, आपल्याच समाजांतील लग्नसमारंभ, कांहीं त्यांनीं कमी लेखलें नाहीं. त्यांची कन्या अंबिका धुरंधर याही त्यांच्याच हाताखालीं तयार होऊन नांवाजलेल्या चित्रकार झाल्या. म्हणजे नोकरी असली कीं कला मरते, असेंही नाहीं. मात्र धुरंधरांची नोकरी चित्रकलेच्याच मंदिरांतली होती; आमच्या नातीप्रमाणें दोन वेळां गाडींत चेंगरून दुसऱ्याच्या साबणाचें चित्र काढण्याची नव्हती. हा भेद सांगितला नाहीं तर उदाहरण अर्धवट राहील.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं नातीस ओटीवर बोलावलें आणि प्रथम आदल्या रात्रींच्या बोलण्याबद्दल तिची क्षमा मागितली. आमच्या वयास हें जड जातें. परंतु जी गोष्ट चुकली ती चुकली. "घरींच आहेस तर" या तीन शब्दांत किती बायकांचें गाणें, किती बायकांचें लिहिणें आणि किती बायकांची चित्रें बुडालीं असतील, याचा हिशेब कोणत्याही वहींत सांपडणार नाहीं. पुरुष घरीं बसून लिहूं लागला कीं, "आवाज करूं नका, ते कामांत आहेत" असें आपण मुलांस दटावतों. बाई घरीं बसून चित्र काढूं लागली कीं, दूध उतूं जात आहे का तें पाहावयास तिलाच हांक मारतों. आमची नात नोकरीस जात होती तोंवर तिचे दहा तास कचेरी खात होती. नोकरी सोडल्यावर ते दहा तास आम्ही सर्वांनीं मिळून खाल्ले असते, आणि वर्षाअखेर तिला विचारलें असतें कीं, शंभर चित्रांचें काय झालें?

नंतर आम्हीं तिला फाळक्यांच्या वाटाण्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे आजोबा, माझा वाटाणा कोणता तें मला आधीं ठरवलें पाहिजे." आम्हांस एवढेंच हवें होतें. पुढील आठवडाभर ती व आम्ही बसून बेताचा कागद करीत होतों. शंभर चित्रांचीं चाळीस झालीं. शंभर हा आंकडा उत्साहाचा होता, चाळीस हा कामाचा आहे. रंग, कागद, चौकटी आणि दालनाचें भाडें यांचा अंदाज मांडला, आणि तो तिच्या चार वर्षांच्या शिलकींत कसाबसा बसतो असें दिसलें. वहिनींच्या पाटल्यांस हात लावण्याची गरज नाहीं, हें पाहून वहिनी किंचित् रागावल्याच. नोकरी एकदम सोडण्याऐवजीं तिनें कचेरींत दोन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली आणि ती मिळाली. या दोन महिन्यांत आमच्या मागील वाडींतल्या एकाच विहिरीचीं ती चित्रें काढणार आहे : पहांटेची, माध्यान्हीची, शेवाळ धरलेल्या चिऱ्यांची, रहाट नाहींसा झाल्यावर तेथें बसविलेल्या पंपाची, आणि पाण्यास येणाऱ्या शेजारणींची. हा तिचा वाटाणा. तो रुजला असें तिचें तिला वाटलें तर मार्चअखेर राजीनामा द्यावयाचा. न वाटलें तर परत जावयाचें, आणि त्यांत कमीपणा मानावयाचा नाहीं. निर्णय तिचा. आम्हीं फक्त तारीख लिहून घेतली.

घराच्या बाजूनेंही एक कागद झाला, आणि तो स्वयंपाकघराच्या दारावर लावला आहे. सकाळीं आठ ते दुपारीं एक, या वेळांत तिला कोणी हांक मारावयाची नाहीं. वहिनींस दवाखान्यांत नेण्याचें काम आमच्याकडे. आम्ही सेवानिवृत्त आहों आणि आम्हांस रिक्षा थांबवितां येते, हा शोध घरांतील सर्वांस उशिरां लागला. गॅस, वीज, पाणी यांचें पाहणें तिच्या काकांकडे. मुलांचा अभ्यास मुलांच्या बापांकडे. मागील अंगणाकडची खोली, जींत गेलीं वीस वर्षें मोडक्या खुर्च्या व दिवाळीचे कंदील सुखानें नांदत होते, ती रिकामी करून तिला दिली. नियम मोडले जातात. परवांच साडेदहाच्या सुमारास आमचा चष्मा सांपडेना, आणि तिला हांक मारण्यासाठीं आमचें तोंड उघडलेंही होतें. वहिनींनीं आपल्या जागेवरून नुसतें बोट दारावरच्या कागदाकडे दाखविलें. चष्मा आमच्या कपाळावरच होता.

या सदराच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं असा एखादा मुलगा अथवा मुलगी असेल : गाणारी, लिहिणारी, मूर्ति घडविणारी, नाटकाच्या मागें लागलेली. नवें वर्ष तोंडावर आलें कीं ती आपला बेत भीत भीत बोलून दाखवील. त्या वेळीं वडील मंडळींनीं एकदम 'हो' म्हणूं नये आणि एकदम 'नाहीं'ही म्हणूं नये. तिला विचारावें कीं, तुझा वाटाणा कोणता? किती दिवसांत तो रुजलेला दिसेल? त्यास किती खर्च येईल आणि तो बुडाला तर आपण कोठें उभे असूं? आणि हें विचारून झाल्यावर स्वतःसही एक प्रश्न विचारावा कीं, या बेतासाठीं माझा रोजचा एक तास मी देईन काय? पैसा देणारे आजोबा पुष्कळ असतात. तास देणारे आजोबा थोडे. आम्हीही त्यांत कालपरवांपर्यंत नव्हतों.

वसईच्या या किनाऱ्यावर पुष्कळ कांहीं आलें आणि गेलें. किल्ल्याच्या भिंतींवर वडपिंपळ उगवले. वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. ज्या गाडीनें पूर्वीं पानाच्या व केळीच्या टोपल्या जात, तिच्यांत आतां पाऊल ठेवावयास जागा नसते. हें थांबविणें आमच्या हातीं नाहीं. परंतु आमच्या मागील दारची विहीर बुजण्यापूर्वीं कोणीतरी तिच्याकडे दोन महिने रोज टक लावून पाहिलें, एवढें तरी यंदा होईल. चित्रें कशीं उतरतात तें आज सांगतां येत नाहीं. त्या खोलींत आम्ही अद्यापि डोकावलेलों नाहीं. आठ ते एक या वेळांत जातां येत नाहीं, आणि एकनंतर ती दार ओढून घेते. पुढच्या मार्गशीर्षांत, ईश्वरेच्छा असेल तर, या बेताचा जमाखर्च याच ओटीवरून वाचकांस सादर करूं. त्यांत तूट आली तरी लपविणार नाहीं.